अकरा महिन्यांचा करार आणि नोंदणी टाळणारे घरमालक

“अकरा महिन्यांचाच तर करार आहे, त्याला कुठे रजिस्ट्रेशन लागतं?” पुण्यात, ठाण्यात, नाशकात भाड्याचं घर शोधणाऱ्याच्या कानावर हे वाक्य कधी ना कधी पडतंच. बोलणारा घरमालक असतो, नाहीतर त्याचा एजंट. सूर इतका ठाम असतो की समोरचा मान डोलावून मोकळा होतो. मग कोर्टाबाहेरच्या एखाद्या टपरीत स्टॅम्प पेपरवर ठरावीक मजकूर छापला जातो, तळाशी नोटरीचा गोल शिक्का बसतो आणि काम कायदेशीर झालं असं दोघांनाही वाटतं. महाराष्ट्रात तरी ते झालेलं नसतं.

अकरा महिन्यांचं हे प्रकरण आलं १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली, म्हणून वर्ष भरायच्या आत करार संपवायचा आणि नवा करायचा अशी चाल देशभर पडली. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट बंद होऊन पंचवीसहून अधिक वर्षं झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचं कलम ५५ सांगतं की घर भाड्याने दिलेलं असो की लिव्ह अँड लायसन्सवर, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत अकरा महिने आहे की पाच वर्षं, हे ते विचारतच नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारीही कायद्याने थेट घरमालकावर टाकली आहे. ती पार पाडली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शिक्षेपेक्षा धारदार ओळ त्याच कलमात पुढे आहे. नोंदवलेला लेखी करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं याबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जाईल. म्हणजे भाडं पंचवीस हजार ठरलं होतं असं मालक म्हणतो आणि भाडेकरू म्हणतो अठरा हजार, तर पंचवीस सिद्ध करायचं ओझं मालकाच्या डोक्यावर. चार-दोन हजार वाचवायला कागद टाळणारा मालक, आपल्याच घराच्या अटी सांगायचा पहिला मान भाडेकरूच्या हाती देऊन बसतो. बहुतेक मालकांना हे ठाऊक नसतं. भाडेकरूंनाही नसतं, आणि सगळा खेळ त्यावरच चालतो.

तरीही मालक नोंदणीला बिचकतात, आणि त्या बिचकण्याला इतिहास आहे. तो समजून न घेता त्यांना लबाड ठरवणं मला पटत नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि त्यासाठी आधार धरला १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याचा. गिरगावात, दादरला, पुण्याच्या पेठांत चाळीतल्या खोलीचं भाडं पिढ्यान् पिढ्या तेवढंच राहिलं. भाडेकरू मेला तर मुलगा भाडेकरू झाला आणि मालकाच्या हाती आलेल्या रकमेत जिन्यातला दिवासुद्धा बदलता येईना. या कायद्यातून निसटायला मालकांनी लिव्ह अँड लायसन्सचा आधार घेतला: हा भाडेकरू नाही, याला फक्त वापराची परवानगी दिली आहे, असा पवित्रा. सरकारने १९७३ मध्ये तीही वाट अडवली. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू लायसन्सवर जे राहत होते, ते कायद्याने भाडेकरू ठरले. रातोरात. ज्यांच्या घरात हे घडलं त्यांनी मुलांना आणि नातवंडांना एकच शिकवण दिली: कागदावर कुणाचं नाव येऊ देऊ नका, घर जातं. भाडं गोठवणाऱ्या त्या तरतुदी अवाजवी झाल्या आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं. त्यानंतर १९९९ चा कायदा आला. तोवर भीती मुरून गेली होती.

आजचा कायदा त्या भीतीच्या बरोबर उलट आहे, आणि नोंदणीला नाही म्हणणाऱ्या मालकाशी बोलताना हाच मुद्दा पुढे ठेवावा. कलम २४ नुसार राहण्यासाठी लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपताच परत करावं लागतं. केलं नाही तर मालकाने नेहमीच्या न्यायालयात वर्षानुवर्षं चपला झिजवायच्या नाहीत. त्यासाठी सक्षम प्राधिकारी नावाची वेगळी यंत्रणा आहे. तिथे लायसन्सधारकाला आपली बाजू मांडायलाही आधी प्रतिज्ञापत्र देऊन परवानगी घ्यावी लागते, तीही समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत. शिवाय मुदतीनंतर घर अडवून ठेवल्याबद्दल ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई. या झटपट मार्गाचा सगळा डोलारा लेखी करारावर उभा आहे, कारण त्यातल्या नोंदी तिथे निर्णायक पुरावा मानल्या जातात. थोडक्यात, घर जाईल म्हणून नोंदणी टाळणारा मालक घर परत मिळवण्याची सोपी वाट स्वतःच बुजवत असतो.

ही झाली जुनी भीती. अलीकडचे बरेच मालक मात्र घाबरलेले नसतात, त्यांना हिशोब कळतो. नोंदणीचा खर्च हे कारण ते पुढे करतात, पण ते टिकत नाही. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. ते मोजतात मुदतीतलं एकूण भाडं, परत न करायची अनामत असल्यास ती, आणि परत करायच्या अनामतीवर दरसाल दहा टक्के दराने धरलेलं व्याज, या सगळ्यांच्या बेरजेवर. वीस हजार भाडं, एक लाख अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत असेल तर भाड्याचे दोन लाख वीस हजार, व्याजाचे नऊ हजारांच्या वर, आणि त्यावर पाव टक्का म्हणजे पावणेसहाशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी शहरी भागात एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. एजंटची मजुरी धरली तरी वीस हजारांच्या घराला हा खर्च डोईजड म्हणता येत नाही, आणि तो बहुतेक वेळा निम्मा-निम्मा वाटला जातो किंवा भाडेकरूच सोसतो.

खरं दुखणं प्राप्तिकराचं. महिन्याला पंचवीस हजार म्हणजे वर्षाला तीन लाख उत्पन्न. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेतून तीस टक्के वजावट सरसकट मिळते. घरपट्टी बाजूला ठेवली तरी दोन लाख दहा हजार करपात्र राहतात, आणि मालक तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर साठ-पासष्ट हजार रुपये सरकारजमा. “भाडं रोख द्या, पावती मागू नका, हजार रुपये कमी करतो” या औदार्याचं मूळ इथे आहे. हजार गुणिले बारा म्हणजे बारा हजार सोडून तो पासष्ट हजार वाचवत असतो.

पुण्यात आणखी एक स्थानिक कारण जोडीला येतं. घरमालक स्वतः राहत असेल तर महापालिका मिळकत करात चाळीस टक्के सवलत देते. ती १९७० पासूनची. मध्यंतरी बंद झाली होती, पुणेकरांनी पुरेसा आरडाओरडा केल्यावर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि ती मिळवायला पीटी-३ नावाचा अर्ज भरावा लागला. भाडेकरार नोंदवला की आपण इथे राहतो असं म्हणायची सोय उरत नाही. सोसायटीचंही तसंच. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. त्याच्या रकमेचा बाऊ करण्याचं कारण नाही, कारण राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क अडीच हजार असेल तर अडीचशे. एवढ्यासाठीसुद्धा “कुणी विचारलं तर भाचा आहे म्हणून सांगा” असं भाडेकरूला पढवणारे मालक आहेत, आणि वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना त्या भाच्याचं नातं माहीत असतं.

मालक सरकारचं देणं चुकवतो तेव्हा भाडेकरूचं काय बिघडतं? अनेकांना वाटतं काही नाही, आपल्याला छप्पर मिळालं. बिघडतं ते पुढे, भलत्याच ठिकाणी. पासपोर्टचा पत्ता, बँकेचं खातं, गॅसची जोडणी, या कामांत नोटरीचा कागद कधी चालतो, कधी परत येतो. सगळ्यात जिव्हारी लागणारी जागा शाळेची आहे. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी असतात. त्या प्रवेशाला राहण्याचा पुरावा लागतो आणि भाड्याने राहणाऱ्या पालकाकडून मागतात तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला करार. रिक्षा चालवणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या कुटुंबाची खोली ज्या चाळमालकाकडे असते तो दहा खोल्यांचं भाडं रोखीने वहीत मांडतो. त्याला करार नोंदवा म्हणणं म्हणजे खोली सोडण्याची तयारी ठेवणं. सोडतीत नाव लागूनही कागदपत्रांच्या पडताळणीत अडकायची वेळ अशा घरांवर येते. कर चुकतो एकाचा आणि प्रवेश हुकतो दुसऱ्याच्या लेकराचा.

नोकरदारांची अडचण निराळी. घरभाडे भत्त्यावर करसवलत घेताना वर्षाचं भाडं एक लाखापेक्षा जास्त असेल तर मालकाचा पॅन क्रमांक कंपनीला द्यावा लागतो, आणि मालक नेमका तोच देत नाही. नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ही सवलतच नसल्याने हा तंटा अलीकडे थोडा निवळला आहे. जुन्या प्रणालीतल्यांनी मात्र घर बघायलाच जाताना, भाडं ठरवायच्या आधी, पॅन मिळणार का हे विचारून घ्यावं. करारानंतर विचारलं की उत्तर बदलतं.

एका बाबतीत मालकाची चुकवाचुकवी थेट भाडेकरूच्या अंगावर येते. भाडं महिन्याला पन्नास हजारांहून जास्त असेल तर त्यातून कर कापून सरकारकडे भरायची जबाबदारी भाडेकरूची आहे. हा दर आधी पाच टक्के होता, ऑक्टोबर २०२४ पासून दोन टक्के झाला. मुंबईत एवढं भाडं नवलाईचं नाही. त्याहून कठीण प्रकरण परदेशस्थ मालकाचं. कोथरूडचा, बाणेरचा, ठाण्याचा फ्लॅट ज्याच्या नावावर आहे तो न्यू जर्सीत किंवा मेलबर्नमध्ये, किल्ली आईकडे, आणि निरोप असा की “भाडं आईच्या खात्यात टाका”. मालक कराच्या दृष्टीने अनिवासी असेल तर पन्नास हजारांची मर्यादा उरतच नाही. भाडं पंधरा हजार असलं तरी कर कापावा लागतो, तोही साधारण एकतीस टक्क्यांनी, आणि कापला नाही तर प्राप्तिकर खातं भाडेकरूला जाब विचारू शकतं. कमी दराने कापायचं असेल तर मालकाने खात्याकडून तसा दाखला आणायचा असतो. अशा घरात शिरण्याआधी एखाद्या सीएला दोन-पाचशे रुपये देऊन विचारून घेणं स्वस्त पडतं.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं ही आणखी एक टाळली जाणारी गोष्ट. मुंबईत पोलीस आयुक्त यासाठी मनाई आदेश काढतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. असा आदेश दोन महिन्यांपुरताच असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढला जातो. माहिती द्यायची मालकाने. ती महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही देता येते, आणि ती फक्त माहितीच असते, परवानगी नव्हे. एजंट तिला ‘एनओसी’ म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात, तिथे थोडं थांबून विचारायला हरकत नाही.

आता नोंदणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहू, कारण ‘रजिस्ट्रेशन’ म्हटलं की अनेक ज्येष्ठ मालकांच्या डोळ्यांपुढे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातली रांग उभी राहते. ती रांग लिव्ह अँड लायसन्सपुरती कधीच मागे पडली. एजंट ठरल्या वेळी घरी येतो. पाठपिशवीतून लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठा घ्यायचं छोटं यंत्र काढून डायनिंग टेबलावर मांडतो. मालकाचा फोटो, भाडेकरूचा फोटो, मग आधारशी जुळवायला बोटांचे ठसे. इथे हमखास गाडी अडते. सत्तरी ओलांडलेल्या काकूंच्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात आणि यंत्र नाही म्हणत राहतं. अंगठा पदराला पुसून, तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात, असं करत कधीतरी हिरवी खूण येते आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. मसुदा तिथून संगणकावरूनच दुय्यम निबंधकाकडे जातो. त्यात त्रुटी असली तर शेरा मारून परत येतो, नसली तर एक-दोन दिवसांत नोंदवला जातो.

लबाडीला जागा उरते ती या शेवटच्या टप्प्यावर. ठसे झाले, एजंटने पैसे घेतले, पीडीएफ पाठवली, आणि ती निघते नुसत्या मसुद्याची. दुय्यम निबंधकाकडे ती पोचलेलीच नसते, किंवा परत आलेली असून कुणी बघितलेली नसते. नोंदवलेल्या दस्तावर दस्त क्रमांक आणि वर्ष असतं, दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव असतं, शेवटच्या पानांवर गोषवारा असतो आणि त्यात दोन्ही बाजूंचे फोटो व ठसे. तो क्रमांक घेऊन नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्त शोधता येतो. तिथे सापडला की नोंदला, नाही सापडला तर एजंटला फोन. याच संकेतस्थळावर मालकाच्या खरेदीखताचा सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात तो, पाहता येतो. घर दाखवणारा माणूस खरोखर मालक आहे की मालकाचा मेव्हणा, हे अनामत देण्याआधी कळलेलं बरं. दाराच्या चौकटीला बँकेच्या जप्तीच्या नोटिशीचे अर्धवट फाडलेले कोपरे चिकटलेले दिसले तर त्या घराचा विषय तिथेच संपवावा. कर्ज थकवणाऱ्या मालकाकडून घर बँकेने ताब्यात घेतलं की बिननोंदणीच्या कराराला फारशी किंमत राहत नाही.

हे सगळं कळलं तरी मालकाशी बोलायचं कसं हा प्रश्न राहतोच. घर हवं असतं, दहा घरं बघून पाय दुखलेले असतात, आणि समोर बसलेले काका चहा पाजत असतात. कायद्याची कलमं तिथे फेकली की काका उठून उभे राहतात. बोलणं असं वळवावं: “काका, रजिस्टर केलं तर मुदत संपल्यावर मला एक दिवस जास्त राहता यायचं नाही, दुप्पट भाडं बसेल. तुमच्याच घराची काळजी आहे ही. एजंट तुमच्याकडे येईल, खर्च मी बघतो.” खर्च आणि हेलपाटा, या दोन सबबी एका दमात निकालात निघतात. आणि हे बोललेलं खरंही असतं. यानंतरही काका “बघू, आधी राहायला तर या” म्हणाले, तर कारण तिसरं आहे असं समजावं आणि अनामतीचा आकडा त्या बेताने ठरवावा. नोंदणी होईपर्यंत एक महिन्याचीच अनामत देणं, उरलेली दस्त क्रमांक आल्यावर, ही अट घालण्यात काही उद्धटपणा नाही.

कधी कधी निवडच नसते. शहर नवं, नोकरी सोमवारपासून, आणि तेच एक घर परवडणारं. अशा वेळी मालक कागद करत नसेल तर भाडेकरूने आपला कागद आपण तयार करत जावा. भाडं आणि अनामत बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी आणि शेऱ्यात महिना लिहावा, ‘जून भाडे’ एवढंही पुरतं. रोखच हवं म्हणून हटून बसला तर पावती मागावी. मिळालेल्या भाड्याची लेखी पावती देणं १९९९ च्या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, न देणं दंडाला पात्र आहे, आणि पाच हजारांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. तेही जमत नसेल तर दर महिन्याला व्हॉट्सॲपवर “काका, आज १८,००० दिले, जूनचे” असा निरोप टाकावा. काकांचा नुसता अंगठा आला तरी पुढे बोलायला आधार होतो. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर एप्रिल २०१७ पासून बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला आहे, तोही घेतलेल्या रकमेएवढा. मुंबईतल्या भरमसाट अनामतीच्या वेळी हा नियम आठवणीत असू द्यावा. वीजबिलाचं तर अगदी सोपं आहे. मीटरवरून किंवा जुन्या बिलावरून ग्राहक क्रमांक टिपून घ्यावा, वितरण कंपनीच्या संकेतस्थळावर खरं बिल दिसतं, आणि मालक सांगतो तो आकडा त्याच्याशी जुळतो की नाही ते समजतं.

भाडेकरू प्रश्न विचारू लागला की काही मालक दादागिरीवर येतात. वीज तोडणं, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करणं, बाहेर गेल्यावर कुलूप बदलणं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, स्वच्छता या अत्यावश्यक सेवा तोडायला मालकाला मनाई केली आहे आणि मोडली तर कैदेची तरतूद आहे. हे कलम भाडेकरूंसाठी लिहिलेलं आहे. लायसन्सवर राहणाऱ्याला ते कितपत लागू, यावर मालकाचा वकील वाद घालणार, हे धरून चालावं. पोलीस चौकीत गेलं की “ही दिवाणी बाब आहे” असं ऐकायला मिळतं. भाड्याच्या वादापुरतं ते बरोबरही आहे. पण सामान बाहेर फेकणं, धमकी देणं, घरात शिरणं हे दिवाणी नसतं, आणि तक्रार लिहिताना भाड्याचा इतिहास न सांगता एवढंच लिहावं: अमुक तारखेला, अमुक वाजता, हे केलं. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला गेला तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावता येतो, ही मुदत चुकवू नये.

मग अशा मालकाची तक्रार करावी का? प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर करचुकवेगिरीची माहिती कुणालाही देता येते. कलम ५५ खाली कारवाईची मागणीही करता येते. माझं मत विचाराल तर त्या घरात राहत असेपर्यंत यातून हाती फार काही लागत नाही. चौकशी झाली तरी तिचा वेग अकरा महिन्यांत मावणारा नसतो, आणि मधल्या काळात अनामत त्याच मालकाच्या खिशात असते. “तक्रार करीन” अशी धमकी देऊन भाडं कमी करून घेणं तर त्याहून वाईट, कारण मग दोघेही एका पंगतीत बसतात. हजार रुपये सवलतीच्या बदल्यात रोखीला होकार दिलेला भाडेकरू तर आधीच त्या पंगतीत बसलेला असतो, आणि पुढे पावतीसाठी भांडायला त्याच्याकडे तोंड राहत नाही. कलम ५५ चा खरा उपयोग नोटिशीत होतो. वकिलाच्या पत्रात “नोंदणी न केल्यामुळे अटींबाबत माझ्या अशिलाचं म्हणणं ग्राह्य धरलं जाईल” हे एक वाक्य असलं की पत्र वाचणाऱ्या मालकाचा वकील त्याला दुसऱ्या खोलीत नेऊन दोन गोष्टी समजावतो.

ही नोटीस पाठवायची वेळ सहसा येते ती अनामत परत मागताना. अनामत किती घ्यावी याला महाराष्ट्रात कायद्याची मर्यादा नाही. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यामुळे मुंबईत दोन-तीन लाख ठेवून घेणारे मालक आहेत, आणि घर सोडताना रंगाचे वीस हजार, नळाचे पाच हजार असा पाढा वाचणारेही. भिंतीचा रंग राहता राहता उडतो, त्याचे पैसे कापायचे की नाही हे करारात लिहिलेलं नसेल तर पुढे वादच होतो. राहायला जायच्या दिवशी रिकाम्या घराचा पाचेक मिनिटांचा व्हिडिओ काढावा, ओल, तडे, तुटलेल्या कड्या सगळं दिसेल असा, आणि तो त्याच दिवशी मालकाला पाठवावा. सोडताना तसाच दुसरा काढावा. नोटिशीचा महिना लेखी सुरू करावा, मीटरचं वाचन टिपून शेवटचं बिल भरल्याची पावती जोडावी, आणि किल्ली व अनामतीची देवघेव एकाच बैठकीत ठेवावी: तिकडून पैसे खात्यात जमा झाल्याचा निरोप आला की इकडून किल्ली टेबलावर. “तुम्ही किल्ली द्या, आठवड्यात पाठवतो” असं मालक म्हणाला तर तो आठवडा, रक्कम आणि कापायची कारणं त्याच्याकडून लिहून घ्यावीत, त्याच्या सहीसह, किल्लीच्या पावतीवरच.